केटी-दोनले कोणीच बोलावत नाही

बसा गा, बसा. पारशिवनीची गाडी इतक्यात लागत नाही, आन् लागली तं कंडक्टर असा बोंबलते का पूर्ण स्टँडले ऐकू जाते. तुम्ही पारशिवनीले जाऊन राहिले म्हणता, म्हणूनच ही गोष्ट काढतो, दुसऱ्या कोणाले सांगत नसतो. चोरीची गोष्ट आहे म्हणा, नाही म्हणा, ते शेवटी तुम्हीच ठरवा. पण चहा आधी पिऊन घ्या. मंग थंडा झाला म्हणून माह्यावर कावाचं नाही.

१

सत्याऐंशीचा दसरा नुकताच होऊन गेला होता. दीक्षाभूमीवरची गर्दी अजून स्टेशनाकडं परतूनच राहिली होती. घाट रोडवर भैयाजीचा औषधाचा डेपो, अर्ध्या विदर्भातले दवाखाने तिथून माल उचलत. त्या दिवशी सकाळीच सलाईनच्या कंपनीची गाडी दारात उभी. ड्रायव्हर म्हणे, खराब माल काढा, वापस न्याचा आहे.

खराब माल म्हणजे एका बॅचच्या सलाईनमध्ये बुरशी निघाली होती. दुसऱ्या कुठल्या गावी पेशंटले बाटली लावली, थंडी भरून आली, आन् माणूस हातचा गेला. कंपनीची तार आली तसं भैयाजीनं त्या बॅचच्या पेट्या गोदामाच्या कोपऱ्यात जाळीआड रचून कुलूप ठोकलं होतं.

आता कुलूप काढलं, तं कोपरा रिकामा. पेटी नाही, पेटीचा पुठ्ठा नाही. खाली फरशी अशी चकचकीत का तोंड पाहून घ्या.

"चोरी!" भैयाजी ओरडला. "खराब सलाईन कोणंतरी बाहेर विकलं!"

डेपोत चारुशीला नावाची पोरगी कॉम्प्युटर सांभाळे. मूळची भंडाऱ्याची, नागपुरात महाल भागात खोली करून राहे. ते मशीन म्हणजे कपाटाएवढं, थंड्या खोलीत ठेवलेलं, चपला बाहेर काढून आत जा लागे. त्याचे दोन पडदे गोदामाच्या दोन फाटकांवर होते. पेटी गाडीत चढवाच्या आधी मुकादम तिचा बॅच नंबर पडद्यावर मारे. बॅच खराब असली तं मशीन पीं करे आन् गेटपास छापतच नसे. चलनावर बॅच लिहाची पद्धत नव्हती, कारण मशीन पाहूनच राहिलं होतं ना.

"चारुशीला," भैयाजीनं सगळ्यांसमोर विचारलं, "नवमीले जाळीची किल्ली कोणापाशी होती?"

"माझ्यापाशी. पूजेसाठी साफसफाई कराची होती."

"आन् काल मशीनमधले प्रोग्राम कोणं पुसले?"

"मीच पुसले, भैयाजी. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी कचरा पुसाले सांगितलं होतं! कोणाले विकलं ते सांग. संध्याकाळपर्यंत सांग, नाही तं पोलीस आणतो."

खरं सांगू? पोरीले पोलिसाचं भेव उशिरानं वाटलं. आधी तिच्या डोळ्यापुढं एक बाटली आली, उलटी टांगलेली, थेंब थेंब चाललेली. कुठी टांगली असन? कोणाच्या हाताले लावली असन? भिवापुरात? उमरेडले? का अजून कुठी? दवाखाने गावोगाव, आन् त्या दिवसांत ट्रंक कॉल लावला तं अर्धा दिवस त्यातच जाये. सगळ्यांले फोन करता करता माणूस मरून जाईन. आन् ज्याले त्याले वाटे का तिले ठाऊक आहे.

तिले काहीच ठाऊक नव्हतं.

२

दुपार व्हाच्या आत भैयाजीनं मनोहररावले बोलावून घेतलं. मनोहरराव म्हणजे भैयाजीच्या बापाचे दोस्त, रेल्वेत अपघाताच्या चौकशीवर जिंदगी गेली. गाडी रुळावरून काहून घसरली, कोणं काय पाह्यलं, कोण खोटं बोलून राहिला, हेच त्याइचं काम. सगळे काकाजी म्हणत. रिक्षातून उतरले आन् पह्यले जाऊन जाळीआडची फरशी पाह्यली. वाकून बोट फिरवलं.

मंग बळीरामले बोलावलं. बळीराम म्हणजे दोन नंबर फाटकाचा मुकादम. आडवा गडी, पण त्या दिवशी रुमालानं सारखा घाम पुसून राहिला होता.

"नवमीले जाळी कोणं साफ केली गा?"

"माह्या हमालांनी. धुतली, कुलूप लावलं, किल्ली ताईले वापस. बस."

"आन् पेट्या?"

"पेट्या... होत्या ना काकाजी. जागच्या जागी होत्या."

"बरं," काकाजी म्हणे. "जा. दूर नको जाऊ."

तिसरा होता चंद्रभान. टाय लावलेला, नागपुरातल्याच सदर भागातला पोट्टा, मुंबईच्या कंपनीचा माणूस. हा डेपोत काहून आला ते सांगतो, इथंच सारी गोम आहे.

मशीनची डिस्क गच्च भरली होती. नवीन डिस्क घ्याले भैयाजी तयार नव्हता, म्हणे जुना कचरा काढा. पण कचरा ओळखाचा कसा? ढीगभर प्रोग्राम, लिहिणारा प्रोग्रामर मस्कतले निघून गेलेला. मोठा प्रोग्राम छोट्याले बोलावते, छोटा अजून छोट्याले. एक चुकीचा पुसला तं गाडं अडलंच. म्हणून कोण कोणाले बोलावते हे सांगणारे दोन औजारं ट्रायलवर आणले. एक चंद्रभानच्या कंपनीचं. ते सारे प्रोग्राम पोथीसारखे वाचे आन् कोणाचं नाव कुठी लिहिलं आहे ते छापून दे. त्याले सगळे वाचक म्हणत. दुसरं हैदराबादचं. ते वाचतबिचत नसे, मशीनमध्ये चौकीदारासारखं बसे आन् कोणता प्रोग्राम खरोखर चालला ते टिपून ठेवे. त्याले चौकीदार म्हणत. भैयाजीचा हुकूम असा का दोघांची तुलना करा, चांगलं असन ते घेऊ. आन् ज्या प्रोग्रामले दोघंही बिनकामाचा म्हणतील, तो पुसा.

"काकाजी, मशीनचा दोष नाहीच," चंद्रभान म्हणे. "चला, दाखवतो." त्यानं एक नंबर फाटकावर त्या खराब बॅचचा नंबर मारला. मशीन पीं करून थांबलं. "पाहिलं? पहारा जागेवर आहे. पेट्या फाटकातून गेल्याच नाहीत. भिंतीवरून गेल्या, किंवा कोणी आतल्यानं काढल्या." आन् त्यानं चारुशीलाकडं पाह्यलं.

"तुमचं वाचक चुकत नाही?" काकाजीनं विचारलं.

"चुकणं सोडा. हैदराबादवाल्याचा कागद पाहा, अर्धा 'नक्की नाही, नक्की नाही' यानंच भरलेला. आमचं औजार एकदाही 'माहीत नाही' म्हणत नाही."

काकाजी तोंडातल्या तोंडात हसले. "मले चौकशीत असे साक्षीदार लय भेटले. 'माहीत नाही' म्हणतच नसत. त्याइले घरून शिकवून पाठवलेलं राहे."

चंद्रभानचा चेहरा क्षणभर उतरला. चारुशीलानं ते पाह्यलं, पण तिले काही समजलं नाही.

३

"पोरी, इकडं ये. दोन्ही कागद आण."

चारुशीलानं लांबच लांब कागद टेबलावर पसरले. "काकाजी, मी शपथ घेते. पुसलं ते दोघांनी नाही म्हटलं तेच पुसलं. हे पाहा, केटी-दोन. वाचक म्हणते, याले कोणीच बोलावत नाही. चौकीदार म्हणते, हा चाललाच नाही. असेच बाकीचे."

"हे केटी-दोन काय भानगड आहे?"

"मालूम नाही. मस्कतवाल्यानं नावं अशीच ठेवली आहेत. केटी-एक होता, केटी-दोन होता. मले वाटलं, दोन म्हणजे एकाचीच जुनी कॉपी असन. सगळे प्रोग्रामर अशा कॉप्या ठेवतात."

"मंग केटी-एक काहून नाही पुसला?"

"तो चालतो ना. चौकीदारानं पाह्यला."

काकाजीनं चष्मा कपाळावर सरकवला. "आन् वाचक काय म्हणते त्या केटी-एकाले?"

चारुशीलानं ओळ शोधली. बोट तिथं ठेवलं. आन् बोट तिथंच राह्यलं.

"वाचक म्हणते... केटी-एकालेही कोणीच बोलावत नाही."

"अस्सं. एक साक्षीदार सांगते, या घरी कोणीच येत नाही. दुसरा सांगते, मी आत्ता एकाले आत जाताना पाह्यलं. आता चौकीदारानं तं डोळ्यानं पाह्यलं. मंग कोण आंधळा?"

"वाचक," चारुशीला हळूच म्हणे.

"तुम्ही साऱ्यांनी दोघांची गट्टी कुठी जमली तेवढं पाह्यलं. भांडण कुठी झालं ते कोणीच पाह्यलं नाही. मी असतो तं पह्यले भांडण पाह्यलं असतं वं." मंग दाराकडं न पाहताच ते बोलले, "चंद्रभान, जाऊ नको. आत ये. तुह्या वाचकाले कोणती गोष्ट वाचता येत नाही?"

चंद्रभान दारातच उभा राह्यला. टाय ढिली केली.

"नाव पूर्ण लिहिलेलं नसलं तर... म्हणजे प्रोग्राम चालता चालता नाव जोडून बनवत असला, तर वाचकाला ते दिसत नाही. तेव्हा तो खाली एक ओळ छापतो, 'इथे कोणाला बोलावलं ते कळलं नाही'."

"या कागदावर तशी एकही ओळ नाही."

"मी त्या ओळी बंद करून ठेवल्या होत्या." त्याचा आवाज पार बसला. "हैदराबादवाल्याच्या शेजारी आमचा कागद स्वच्छ दिसायला पाहिजे, असं वरून सांगितलं होतं. काकाजी, मला काय माहीत, यातून असं..."

चारुशीला ऐकाले थांबलीच नाही. ती मशीनच्या खोलीत धावली, चपलेसकट. फाटकावरचा मोठा प्रोग्राम उघडला आन् ओळीमागून ओळ खाली सरकवत गेली. सापडलं. मस्कतवाल्यानं लिहिलं होतं का आधी फाटकाचा नंबर घे, तो 'केटी'ले जोड, जे नाव बनते त्याले बोलाव. एक नंबर फाटकावर बॅच तपासाले केटी-एक. दोन नंबर फाटकाले...

आन् त्याखाली अजून एक ओळ. पूर्वी डेपोले एक तिसरं फाटक होतं, बिनपहाऱ्याचं. त्याच्यासाठी लिहिलेली. 'या नावाचा प्रोग्राम नाही सापडला, तं न थांबता पुढं जा.'

४

दोन नंबर फाटकावर चारुशीलानं स्वतः त्या खराब बॅचचा नंबर मारला. सारे मागं उभे, भैयाजीसकट.

मशीननं पीं केलंच नाही. प्रिंटर खरखरला आन् गेटपास बाहेर आला.

"म्हणजे कालपासून या फाटकावर पहाराच नाही," भैयाजी म्हणे. तो तिथल्याच एका पोत्यावर बसला. "मंग चौकीदारानं केटी-दोनले चालताना काहून नाही पाह्यलं? हे फाटक तं रोज चालते."

त्याचं उत्तर चारुशीलापाशी होतं. चौकीदारानं मशीन भल्लं सुस्त होते, म्हणून भैयाजीनंच त्याले सुट्टीच्या दिवसांत बसवलं होतं. खंडे नवमी आन् दसरा. अर्जंट माल तेवढा एक नंबर फाटकातून जाऊन राहिला होता. दोन नंबरचा पडदा पूजेले मांडला होता. झेंडूचा हार, वर आपट्याचं पान. पूजेले मांडलेलं औजार चालवाचं नसते, तुम्हाले मालूमच आहे. मंग केटी-दोन चालणार कसा?

"तो हार मीच घातला होता," ती म्हणे. "मीच त्याले चूप केलं, आन् मीच त्याले पुसलं."

काकाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड बळीरामकडं होतं. "गडबड झाली ते समजलं. पण पेट्या काही पायानं चालत जाळीतून इथं आल्या नाहीत. बळीराम, त्या फरशीत तोंड दिसते. पेट्या न हलवता त्याइच्या खालची फरशी कशी धुतली गा? मलेही शिकव."

बळीरामनं रुमाल खिशात कोंबला. आन् तो एवढा आडवा माणूस लहान पोरासारखा रडाले लागला.

"हलवल्या काकाजी. फरशी ओली होती, म्हणून इकडं फाटकापाशी आणून लावल्या. म्हटलं वाळली का परत ठेवू. मंग पूजा लागली, दसरा लागला, हमाल गावी गेले. रिकाम्या जाळीले कुलूप लागलं, कोणं आत पाह्यलंच नाही. कंपनीची पेटी तीच, रंग तोच. काल सलाईनची मागणी आली, हमालांनी जवळच्या उचलल्या. मी नंबर मारला, मशीन बोललं नाही. म्हटलं, मशीन बोललं नाही म्हणजे चांगल्याच असतील. सकाळी जाळी उघडली तवा मले सारं समजलं. पण ताईचं नाव निघालं आन् मी... मी चूप राह्यलो ताई."

"शरम नाही वाटली बे तुले?" भैयाजी उसळला.

"सकाळी तुम्ही कोणाले चोर म्हणत होते, ते मीही ऐकलं आहे," काकाजी म्हणे. "बळीराम, काल या फाटकातून सलाईन कोणत्या गावाले गेलं?"

"एकाच ठिकाणी गेलं. पारशिवनीच्या दवाखान्यात."

"तिथं सलाईनच्या बाकी पेट्याही असतील ना? चांगल्याही?"

"असतील. सगळ्या सारख्याच दिसतात, बॅचचा बारीक नंबर वाचत बसले तं वेळ जाईन."

चारुशीलानं एकदम मान वर केली.

"सारख्या नाहीत. पूजेले मी इथं ठेवलेल्या सगळ्या पेट्यांले हळदीकुंकवाचे बोट लावले होते."

५

भैयाजीनं लाइटनिंग कॉल मागितला. तो सगळ्यांच्या आधी लागे, साध्या कॉलपेक्षा कितीतरी पट महाग, पण त्यानं विचारलंही नाही. तरी लाईन लवकर लागेना. ऑपरेटर म्हणे, गर्दी आहे. चारुशीला रिसीव्हर कानाले लावून उभी, आन् दुसऱ्या हातानं टेबलाची कड अशी धरलेली का नखं पांढरे पडले.

लागली लाईन. पलीकडं वच्छला नावाची सिस्टर.

"सिस्टर, नागपूरच्या डेपोतून बोलते. काल सलाईन आलं ना? पेट्यांवर हळदकुंकू आहे काय?"

"हौ, आहे ना!" सिस्टर हसली. "आम्ही म्हटलं, डेपोवाल्यांनी आमचाही दसरा करून पाठवला."

"त्यातली एकही बाटली लावू नका! खराब आहे ते! एकही नका लावू!"

सिस्टरचं हसणं तिथंच थांबलं.

"एक लागली आहे वं बाई," सिस्टर म्हणे. "आत्ताच. भागीरथाबाईले."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मंग चपलांचा आवाज, दूर दूर जाणारा. मंग नुस्ता दवाखाना. कोणाचं तरी लेकरू रडून राहिलं होतं. बादली सरकली. कोणीतरी खोकललं. मधातच ऑपरेटर म्हणे, टाइम संपला, वाढवाचा आहे काय? भैयाजी, तोच भैयाजी, रिसीव्हरमध्ये ओरडला, "वाढवा! बंद कराच नाही!" बळीराम भिंतीकडं तोंड करून हात जोडून उभा. चंद्रभान तं खालीच बसला होता. चारुशीलाले दवाखान्यातलं सगळं ऐकू येऊन राहिलं होतं, फक्त जे पाहिजे ते नाही.

चपला परत आल्या.

"काढली सुई. भरपूर गेलं होतं आतमध्ये. थंडी भरली आहे, दात वाजून राहिले. डॉक्टरले बोलावलं आहे. आता..."

आन् लाईन कटली.

परत लागली नाही. चारुशीला डेपोच्या गाडीतच बसून पारशिवनीले निघाली, बळीराम संगं. काकाजी फाटकापर्यंत पोचवाले आले. ती म्हणे, "काकाजी, ती बाई गेली तं?"

"तं तिथं तू असली पाहिजे वं," ते म्हणे. "आन् नाही गेली, तरी तू असली पाहिजे."

भागीरथाबाई गेली नाही गा. पण सोपं नव्हतं. घोंगड्यावर घोंगडं टाकलं तरी खाट हालून राहिली होती, आन् चारुशीला तिचे पाय चोळत बसली. ताप उतरला तशी म्हातारी म्हणे, तू कोण वं? पोरीनं सारं सांगितलं. प्रोग्राम कसा पुसला तेही सांगितलं, काहीच लपवलं नाही. म्हातारीले मशीन काय समजणार. तिनं फक्त एवढंच विचारलं, "पेटीले कुंकू तूच लावलं होतं ना? मंग झालं."

भैयाजीनं मागून दोन्ही औजारं विकत घेतले. त्या ओळी चालू करून घेतल्या, आन् आता डेपोत दोघांचं भांडण कुठी झालं तोच कागद पह्यले पाहतात. चंद्रभाननं त्या मुंबईच्या कंपनीची नोकरी सोडून दिली. बळीराम अजून ताईच्या डोळ्याले डोळा देत नाही.

पण चारुशीला तेव्हापासून पूजेले हात लावत नाही. दसऱ्याले डेपोत सारे सोनं वाटतात, ती आत मशीनपाशी जाऊन बसते. भागीरथाबाई दरवर्षी सोनं पाठवते तिले, घरच्या आपट्याचं. ती घेत नाही. म्हणे, मले कशाचं सोनं देता, मी तं त्या बाईले मारूनच राहिली होती.

ते पाहा, गाडी लागली तुमची. उठा, पण एक काम करा माह्यं. पारशिवनीत दवाखान्यामागं भागीरथाबाईचं घर विचारा, कोणीही दाखवते. दसरा आलाच आहे. या वेळी सोनं पाठवू नको म्हणा, स्वतः घेऊन चाल म्हणा नागपूरले. वापसीच्या गाडीत तिले आपल्या संगं बसवून आणा. घाट रोडवर उतरा, चपला बाहेर काढा, आन् म्हातारीचा हात धरून तिले त्या थंड्या खोलीत चारुशीलासमोर नेऊन उभं करा. एवढं कराल ना गा?